हेमिमेगॅलेनसेफली : जन्मतःच वाढलेला अर्धा मेंदू

तान्हे बाळ झोपेतून उठताना एकदम दचकते, दोन्ही हात फैलावून पुढे वाकते आणि सैल पडते. काही क्षणांनी पुन्हा तेच. कधी एकाच बाजूचा हात आणि ओठाची कड फडफडत राहते. घरातील वडीलधाऱ्यांना ही पोटदुखी वाटते. गुटी उगाळली जाते, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते. बहुतेक बाळांचे दचकणे खरोखरच निरुपद्रवी असल्याने या उपायांना गुण आल्यासारखेही वाटते. मात्र मोजक्या बाळांच्या बाबतीत ते दचकणे नसते, ती आकडी असते. त्यांपैकीही अगदी थोड्या बाळांत आकडीचे मूळ मेंदूच्या एका अर्ध्या भागाच्या सदोष घडणीत असते. वैद्यकशास्त्र या विकाराला ‘हेमिमेगॅलेनसेफली’ म्हणते. शब्दशः अर्थ, अर्ध्या मेंदूची अतिवाढ.

विकार दुर्मीळ आहे. अपस्मार असलेल्या दर हजार मुलांमागे एक ते तीन मुलांत तो आढळतो, असे साधारणपणे मानले जाते. त्यावर प्रभावी ठरू शकणारी शस्त्रक्रिया भारतात होते. पण ती होते दिल्ली, तिरुवनंतपुरम, मुंबई, पुणे अशा ठिकाणी. बाळ जन्मते ते मात्र कुठेही. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी ते जन्मले, तर त्याचे पुढचे आयुष्य कसे जाईल याचा निर्णय बराचसा पहिल्या काही महिन्यांत आणि तोही गावातच होतो. आकडी ओळखली गेली का, आणि औषधांनी ती थांबत नाही हे कोणी वेळेत मान्य केले का, यावर तो अवलंबून असतो.

मोठा, पण बिघडलेला

मोठ्या मेंदूचे उजवा आणि डावा असे दोन गोलार्ध असतात. उजवा गोलार्ध शरीराच्या डाव्या बाजूचे, तर डावा गोलार्ध उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. गर्भावस्थेत चेतापेशी मेंदूच्या आतल्या थरात जन्म घेतात आणि तेथून पृष्ठभागाकडे प्रवास करीत ठरलेल्या थरांमध्ये स्थिरावतात. हेमिमेगॅलेनसेफलीमध्ये एका गोलार्धातील पेशींची वाढ, संख्या आणि प्रवास तिन्ही बिघडतात. पेशी प्रमाणाबाहेर मोठ्या होतात, चुकीच्या जागी थांबतात, थरांची रचना विस्कटते. गोलार्ध आकाराने वाढतो, त्यावरील वळ्या जाड आणि बेढब होतात, आतील पोकळीही बहुधा मोठी असते. मेंदू मोठा म्हणजे बुद्धी मोठी, हा समज येथे पूर्णपणे उलटा ठरतो. वाढलेला गोलार्ध आपले काम करू शकत नाही, शिवाय त्यातून सतत उसळणाऱ्या विद्युतलहरी चांगल्या गोलार्धालाही काम करू देत नाहीत.

या विकाराची पहिली नोंद १८३५ साली सिम्स या ब्रिटिश वैद्यकाने केली, असे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. अर्थात ती शवविच्छेदनावरून होती. जिवंत बाळाच्या डोक्यात हा बिघाड स्पष्टपणे पाहता येऊ लागला तो स्कॅनचे तंत्र आल्यानंतर, म्हणजे गेल्या चार-पाच दशकांत. त्याआधी अशी किती मुले ‘जन्मतः लुळे’ किंवा ‘डोक्याने मंद’ म्हणून घराच्या कोपऱ्यात राहिली, याचा हिशेब कोठेही नाही.

काही रुग्णांत विकार मेंदूपुरता मर्यादित असतो. काहींत त्याच बाजूचा लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभही बाधित असतात. अन्य काही मुलांत तो त्वचेच्या किंवा शरीराच्या इतर विकारांसोबत येतो. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर रेषेसारखा पिवळसर, खडबडीत चट्टा, त्वचेवर फिकट पट्टे, शरीराचा एक भाग दुसऱ्यापेक्षा मोठा, अशा खुणा बाळाच्या अंगावर असतील आणि त्याला आकडीही येत असेल, तर डॉक्टरांना त्या आवर्जून दाखवायला हव्यात.

ग्रहणाचा संबंध नाही

असे मूल जन्मले की पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहणात विळी-चाकू हाती घेतला होता का, काय खाल्ले होते, कोठे पडली होती का? सुशिक्षित घरांमध्ये प्रश्नांची भाषा बदलते, रोख बदलत नाही. या प्रश्नांना विज्ञानाने २०१२ साली बरेच नेमके उत्तर दिले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या ऊतींची जनुकीय तपासणी करण्यात आली. अमेरिकेतील जोसेफ ग्लीसन यांच्या गटाने तपासलेल्या २० रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या बाधित ऊतींत पीआयके३सीए, एकेटी३ आणि एमटॉर या तीन जनुकांपैकी एकात बदल आढळला. पेशीने केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे हे ठरविणाऱ्या एकाच संदेशसाखळीचे हे तीन दुवे आहेत. साखळी ‘चालू’ स्थितीत अडकली की पेशी वाढतच राहते.

यातील महत्त्वाची बाब अशी की हे बदल बहुधा आई-वडिलांकडून आलेले नसतात. गर्भधारणेनंतर, भ्रूणाच्या वाढत्या पेशींपैकी एखाद्या पेशीत तो अकस्मात घडतो आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या पेशींत उतरतो. म्हणूनच तो शरीरभर नसून मेंदूच्या एकाच बाजूला असतो, आणि म्हणूनच रक्ताच्या साध्या जनुकीय चाचणीत तो अनेकदा सापडतही नाही. विकार केवळ मेंदूपुरता असेल तर पुढच्या अपत्याला तो होण्याची शक्यता सहसा फारच कमी असते. ट्यूबरस स्क्लेरोसिससारख्या आनुवंशिक विकाराचा भाग म्हणून तो आला असल्यास मात्र गोष्ट वेगळी. त्यासाठी जनुकीय सल्ला घ्यावा लागतो. आईचे खाणेपिणे, कष्ट किंवा ग्रहण यांचा या बदलाशी काही संबंध नाही.

गरोदरपणातील सोनोग्राफीत मेंदूच्या दोन बाजूंतील फरक कधी कधी दिसतो, तोही बहुधा उशिरा. अनेकदा विसाव्या आठवड्याच्या सुमारास केलेली तपासणी सर्वसाधारण निघते. त्यामुळे ‘सोनोग्राफी तर चांगली होती’ या वाक्याने जन्मानंतरची शंका मिटवून टाकणे योग्य नाही.

आकडी कशी ओळखावी

विकाराची मुख्य लक्षणे तीन : औषधांना न जुमानणारी आकडी, शरीराच्या विरुद्ध बाजूचा अशक्तपणा आणि विकासातील मागासलेपण. यांपैकी आकडी सर्वांत आधी येते, अनेकदा जन्मानंतर काही दिवसांतच. ती मोठ्या माणसाच्या आकडीसारखी दिसत नाही. तोंडाला फेस नसतो, शरीर आपटत नाही. एका हाताची लयबद्ध थडथड, डोळे एका बाजूला वळून स्थिर होणे, श्वास अडल्यासारखा होऊन ओठ काळेनिळे पडणे, अशी तिची रूपे असतात. काही महिन्यांनी त्यात ‘सलाम’ प्रकारच्या झटक्यांची भर पडू शकते. बाळ नमस्कार केल्यासारखे पुढे झुकते आणि असे झटके एकामागून एक मालिकेने येतात. दचकणे आणि आकडी यांत एक ढोबळ फरक सांगितला जातो : बाळाचा थरथरणारा हात आपण हळूच धरला की साधी थरथर थांबते, आकडी थांबत नाही. ही घरगुती खूण आहे, निदान नव्हे. आज जवळजवळ प्रत्येक घरात असलेला मोबाइल येथे मोठ्या कामाचा ठरतो. झटक्याचे अर्ध्या-एक मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना जे सांगते, ते घरच्यांच्या दहा वाक्यांतून कळत नाही.

आणखी एक खूण सहज सुटते. साधारणपणे वर्षभराच्या आत बाळ उजवे-डावे ठरवीत नाही, दोन्ही हात सारखेच वापरते. सहा महिन्यांचे मूल खुळखुळा नेहमी एकाच हाताने घेत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहत असेल, तर त्याला ‘डावरा आहे’ असे कौतुकाने म्हणण्याऐवजी त्याची तपासणी करून घ्यावी. डोक्याचा घेर झपाट्याने वाढत असणे किंवा डोके एका बाजूला फुगीर दिसणे, हीदेखील अशीच खूण. ती ओळखायला कापडी टेप पुरते.

निदानासाठी एमआरआय आणि ईईजी या दोन तपासण्या निर्णायक आहेत. एमआरआयमध्ये एका बाजूची अतिवाढ थेट दिसते, ईईजीमध्ये त्याच बाजूने उठणाऱ्या विद्युतलहरी. मेंदूच्या एकाच बाजूला ग्रासणारे इतर विकारही असतात. बाळंतपणाच्या सुमारास झालेला पक्षाघात त्यांपैकी एक. स्टर्ज-वेबर विकारात कपाळ आणि पापणीवर लालसर-जांभळा डाग असतो. हा डागही ग्रहणाच्या खात्यावर टाकला जातो, आणि त्यामागेही गर्भातच अकस्मात घडलेला एक जनुकीय बदल असल्याचे २०१३ साली दिसून आले. या विकारांमध्ये बाधित गोलार्ध बहुधा आक्रसलेला असतो. हेमिमेगॅलेनसेफलीत तो वाढलेला असतो.

दोन औषधांनंतर

उपचारांची सुरुवात औषधांनीच होते. फिनोबार्बिटोन, लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट, सलाम झटक्यांसाठी विगाबाट्रिन किंवा एसीटीएचची इंजेक्शने, अशी ही मालिका. चरबीचे प्रमाण जास्त आणि पिष्टमय पदार्थ अत्यल्प असलेला कीटोजेनिक आहारही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. पण या विकारात औषधांनी आकडी पूर्ण थांबणे अपवादात्मक असते. ग्लासगो येथे झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला अपस्माराचा एक अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांची आकडी थांबली, दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्के रुग्णांची. त्यापुढच्या सर्व प्रयोगांनी जेमतेम ४ टक्क्यांची भर घातली. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत देऊनही आकडी थांबली नाही, तर तो ‘औषधांना न जुमानणारा अपस्मार’ समजावा, ही जागतिक संघटनेची २०१० सालची व्याख्या. तिसरे, चौथे, पाचवे औषध बदलून पाहण्यात जी वर्षे जातात, ती याच टप्प्यावर. वाढत्या मेंदूसाठी ही वर्षे परत न येणारी असतात. दिवसाला कित्येक झटके झेलणारा चांगला गोलार्ध बसणे, बोलणे, ओळखणे शिकायचे कधी?

एमटॉर साखळीला आवर घालणारी सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही औषधे ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी ठरली आहेत. हेमिमेगॅलेनसेफलीत त्यांचा वापर अद्याप मोजक्या रुग्णांपुरता आहे. त्यांना शस्त्रक्रियेचा पर्याय मानता येत नाही.

अर्धा मेंदू वेगळा करताना

बिघडलेला गोलार्ध काढून टाकायचा किंवा त्याच्या जोडण्या तोडायच्या, ही कल्पना ऐकताच कोणतेही आई-वडील हादरतात. या शस्त्रक्रियेचा इतिहासही धक्क्यांचाच आहे. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या गाठीसाठी उजवे गोलार्ध काढले आणि १९२८ साली ते प्रसिद्ध केले. १९३८ मध्ये कॅनडातील केनेथ मॅकेन्झी यांनी अपस्मारासाठी तोच मार्ग अवलंबिला. १९५० साली दक्षिण आफ्रिकेतील रोलंड क्रीनाउ यांनी १२ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रिया जगभर पोहोचली. पुढे १९६० च्या दशकात तिची दुसरी बाजू दिसली. रिकाम्या झालेल्या पोकळीत वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्त झिरपून काही रुग्ण उशिराने दगावले. त्यानंतर मॉन्ट्रियलचे थिओडोर रासमुसेन यांनी वेगळा विचार मांडला. गोलार्ध पूर्ण काढू नये, थोडा भाग काढून उरलेल्याच्या जोडण्या तोडाव्यात. आज सर्वत्र केली जाणारी ‘हेमिस्फेरोटॉमी’ ही त्याचीच पुढची आवृत्ती. बिघडलेला गोलार्ध डोक्यात राहतो, त्याला रक्तपुरवठाही होतो, पण त्याचा आवाज बाहेर पोहोचत नाही. भिंतीतली वायर तशीच ठेवून मेन स्विचजवळ ती कापावी, तसे काहीसे.

भारतात अपस्मारावरील पहिली शस्त्रक्रिया २५ ऑगस्ट १९५२ रोजी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चंडी यांनी केली. रुग्ण होता बालपणापासून उजवी बाजू लुळी असलेला १९ वर्षांचा तरुण. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ साली अपस्मार शस्त्रक्रियेचा नियमित कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. शरत चंद्र यांच्या पथकाने छोट्या छिद्रातून दुर्बिणीच्या साह्याने, आणि नंतर रोबोच्या मदतीने जोडण्या तोडण्याच्या पद्धती विकसित केल्या. मुंबईत महापालिकेच्या केईएम रुग्णालयातही अपस्मारावरील शस्त्रक्रिया होतात.

या उपचाराचा उपयोग किती, याचे ठोस उत्तरही ‘एम्स’मधूनच आले. औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा तेथील अभ्यास २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले आकडीमुक्त होती, केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. हा अभ्यास अपस्माराच्या निरनिराळ्या कारणांचा होता. हेमिमेगॅलेनसेफलीत यशाचे प्रमाण इतर कारणांसाठी केलेल्या हेमिस्फेरोटॉमीपेक्षा सहसा कमी असते, कारण ‘चांगला’ म्हटलेला गोलार्धही काही मुलांत पूर्ण निर्दोष नसतो. हे कुटुंबाला आधीच सांगायला हवे.

किंमतही सांगायला हवी. शस्त्रक्रियेनंतर विरुद्ध बाजूच्या हाताच्या बोटांची बारीक हालचाल जाते आणि दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा त्याच बाजूचा अर्धा भाग दिसेनासा होतो. काही मुलांच्या डोक्यात पाणी साचून नळी बसवावी लागते. बहुतेक मुले मात्र चालू शकतात. शिवाय या मुलांचा तो हात आधीच दुबळा असल्याने प्रत्यक्ष गमावले जाते ते वाटते त्यापेक्षा कमी. भाषेचे केंद्र बहुधा डाव्या गोलार्धात असते, पण साधारण पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत उजवा गोलार्ध ती जबाबदारी उचलू शकतो. वय वाढते तशी ही लवचिकता आटत जाते. लवकर शस्त्रक्रिया करण्याचे मुख्य कारण हेच.

फार लवकर करण्यातही धोका असतो. बाळाच्या शरीरात दर किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. पाच किलोच्या बाळात सगळे मिळून ४०० मिलिलिटर. वाढलेल्या गोलार्धातील रक्तवाहिन्याही मोठ्या असतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत ही शस्त्रक्रिया शक्यतो टाळून औषधांवर वेळ काढला जातो. वॉशिंग्टनच्या चिल्ड्रेन्स नॅशनल रुग्णालयात अशा नवजात बाळांच्या बाधित गोलार्धाच्या रक्तवाहिन्या कवटी न उघडता, नळीद्वारे बंद करण्याचा मार्ग वापरला गेला आहे. तो अद्याप मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे.

कळमनुरी ते शस्त्रक्रियागृह

कळमनुरीत उपजिल्हा रुग्णालय आहे. जवळचे मोठे वैद्यकीय केंद्र म्हणजे नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हिंगोलीतही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अपस्मारावरील शस्त्रक्रियेचे केंद्र मात्र यांच्या पलीकडे, रात्रभराच्या किंवा दोन दिवसांच्या प्रवासावर. एवढा पल्ला गाठण्यापूर्वी कोणीतरी ‘जा’ असे म्हणावे लागते.

असे म्हणू शकणारी माणसे यंत्रणेत आहेत. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने ४२ दिवसांत सहा भेटी द्याव्यात, अशी योजना आहे. २०१८ पासून त्यात तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटींची भर पडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तिच्या यादीत आकडीचे विकार समाविष्ट आहेत. संशयित मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे हे त्या पथकाचे काम. म्हणजे कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते ती बहुधा दोन ठिकाणी : झटके सांगायलाच घरचे लोक कचरतात, किंवा ऊसतोडीसारख्या कामासाठी कुटुंब स्थलांतरित होते आणि औषध मध्येच थांबते. अपस्माराचे औषध अचानक बंद करणे स्वतःच धोक्याचे आहे. त्याने न थांबणारी आकडी येऊ शकते.

झटका सुरू असताना कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातात लोखंड देऊ नये, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. बाळाला कुशीवर वळवून वेळ मोजावी. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट रुग्णालय गाठावे. नाकात फवारण्याचे मिडाझोलाम मिळते. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर ते घरात असावे आणि कसे वापरायचे ते आईखेरीज आणखी एकाला ठाऊक असावे.

खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानुसार कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. निवडलेले रुग्णालय अंगीकृत आहे का आणि हीच शस्त्रक्रिया तेथे मंजूर होते का, याची खात्री प्रवासाला निघण्याआधी आरोग्यमित्राकडून करून घ्यावी. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यातून उपचारपद्धतींचा, म्हणजे फिजिओथेरपीसारखा खर्चही भागविता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले असून दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार त्यात आहेत. दाखल्यासाठी प्रक्रिया जिल्हा स्तरावर होते.

याच अनुभवातून गेलेली दुसरी माणसे भेटणे हाही पालकांसाठी मोठा आधार असतो. अपस्माराचा स्वतः दीर्घ अनुभव घेतलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात २००४ साली ‘संवेदना’ हा आधारगट सुरू केला. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशननेही राज्याच्या आरोग्य यंत्रणेसह ग्रामीण भागात अपस्मार शिबिरे घेतली आहेत.

शस्त्रक्रियेनंतर कुटुंब गावी परतते तेव्हा काम संपलेले नसते. औषधे सहसा लगेच बंद होत नाहीत. ती कमी करण्याचा निर्णय ईईजी पाहून टप्प्याटप्प्याने होतो. दुबळ्या हाताचा आणि पायाचा व्यायाम रोज घरीच करावा लागतो. डोके दुखणे, उलट्या, सुस्ती दिसली तर डोक्यात पाणी साचल्याची शंका घेऊन तातडीने दाखवावे लागते. हे शस्त्रक्रियेनंतर अनेक महिन्यांनीही होऊ शकते. अंगणवाडीत किंवा शाळेत मूल बसेल तेव्हा फळा त्याच्या दिसणाऱ्या बाजूला येईल, अशी जागा बाईंना सांगून ठरवून घ्यावी.